आधीच्या मालकाची कारागिरी उलगडताना: जुन्या ट्रकसाठी वापरलेल्या साधनांचे परीक्षण

जुन्या ट्रकमधला मूळ बिघाड शोधायचा असेल तर निर्मात्याची सेवापुस्तिका आणि वायरिंगचा आराखडा सोबतीला असतो. आधीच्या मालकाने केलेली दुरुस्ती मात्र कोणत्याच पुस्तिकेत नोंदलेली नसते. आराखड्यात तपकिरी दाखवलेली वायर अर्ध्या वाटेवर चिकटपट्टीच्या गाठीत शिरते आणि पलीकडून पांढरी होऊन बाहेर पडते. मेट्रिक आट्यांच्या भोकात इंची बोल्ट दामटून बसवलेला आढळतो. तेलाची गळती थांबलेली दिसते, पण ती नव्या गॅस्केटमुळे नव्हे, तर बाहेरून फासलेल्या सीलंटच्या जाड थरामुळे. अशा ट्रकवर काम करताना जी साधने आणि जे साहित्य वापरले, त्यांतले काय उपयोगी पडले, काय निरुपयोगी ठरले आणि कशाने नवे काम वाढवले, याचे हे परीक्षण आहे. ट्रक हलका मालवाहू, १२ व्होल्टच्या वायरिंगचा आणि हायड्रॉलिक ब्रेकचा आहे. हवेचे ब्रेक आणि २४ व्होल्टची वायरिंग असलेल्या जड वाहनांना यातले आकडे आणि ब्रेकविषयीचे म्हणणे जसेच्या तसे लागू पडणार नाही. कंपन्यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण इथे सांगितलेले बहुतेक गुणदोष त्या त्या प्रकारच्या वस्तूचेच आहेत.

निकष आधी सांगतो. दुरुस्तीच्या नावाखाली विकले जाणारे साहित्य ढोबळमानाने दोन प्रकारचे असते: बिघाड उघडा पाडणारे आणि बिघाड झाकणारे. आधीच्या मालकाने बहुतेक सर्व खर्च दुसऱ्या प्रकारावर केला होता, आणि तो खर्च फुकट गेला एवढेच नाही, तर त्याने झाकलेले शोधण्यात नव्या मालकाचे श्रमही गेले. म्हणून प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारले आहेत. आत काय चालले आहे ते हिच्यामुळे अधिक स्पष्ट होते का, आणि हिने केलेले काम उद्या दुसऱ्या कुणाला नासधूस न करता उघडता येईल का?

पहिला क्रमांक निःसंशय डिजिटल मल्टिमीटरचा आहे, पण तो ज्या कामासाठी लोक सर्वाधिक वापरतात त्या कामासाठी नव्हे. वायर अखंड आहे की नाही हे पाहण्यासाठी बीप देणारी सोय सगळ्यांना प्रिय असते, आणि जोडकाम केलेल्या जुन्या वायरिंगमध्ये तीच सर्वांत जास्त फसवते. वायरमधल्या वीस तारांपैकी एकोणीस कुजून एकच उरली असली तरी मीटर आनंदाने बीप देतो, कारण तपासणीसाठी तो अत्यंत क्षीण प्रवाह सोडतो आणि तेवढा प्रवाह त्या एका तारेतूनही सहज जातो. व्होल्टेजचेही तसेच आहे. मीटरचा स्वतःचा रोध साधारणपणे १० मेगाओहम असल्यामुळे गंजलेल्या सांध्यापलीकडेही तो १२ व्होल्ट दाखवतो. दिवा लावला की ते व्होल्ट गायब होतात. आधीच्या मालकाने दिवे मंद होतात म्हणून बल्ब बदलले, मग स्विच बदलला, आणि शेवटी बॅटरीही नवी घातली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा तो प्रकार होता.

खरी कसोटी आहे ती भार चालू असताना होणारी व्होल्टची घट मोजण्याची. दिवा लावून ठेवायचा, मीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थच्या (म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या जोडणीच्या) टोकाला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावायचे. हा मार्ग निरोगी असेल तर आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास असतो, ०.२ च्या वर गेला की वाटेत कुठेतरी गंज, रंग किंवा सैल बोल्ट आहे असे समजावे. हीच तपासणी धन बाजूलाही करता येते आणि एकेक सांधा ओलांडत गेले की दोषी सांधा स्वतःहून समोर येतो. हा अर्धा-एक व्होल्ट क्षुल्लक वाटतो, पण तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो: व्होल्टेज १० टक्के घटले की प्रकाश साधारण ३० टक्क्यांनी घटतो. या ट्रकच्या पुढच्या दिव्यांचा अर्थ रंगवलेल्या पत्र्यावर, पत्र्याच्या स्क्रूने अडकवलेला होता. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, वर गंजरोधक ग्रीस लावल्यावर जुन्याच बल्बनी रस्ता उजळून दिला.

मल्टिमीटर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मूल्य लक्षात ठेवण्याची सोय असावी, म्हणजे वायरची जुडी हलवून पाहताना क्षणभर तुटणारा सांधा नजरेतून निसटत नाही. १० अँपिअरच्या खोबणीला आत स्वतःचा फ्यूज असावा. अगदी स्वस्त मीटरमध्ये तो अनेकदा नसतो, आणि चुकीच्या जागी टोक लागले तर मीटर हातातच जळतो. आणि मीटरची स्वतःची बॅटरी उतरल्याची खूण ठळक दिसावी, कारण बॅटरी उतरलेला साधा मीटर खऱ्यापेक्षा जास्त व्होल्ट दाखवून दिशाभूल करतो. बाकी तापमान, वारंवारिता वगैरे सोयींवाचून काही अडत नाही.

बंद ट्रकची बॅटरी काही दिवसांतच का उतरते, हेही याच मीटरने उघड केले. ऋण टोक सोडवून मीटर मध्ये जोडला आणि ट्रक पूर्ण शांत झाल्यावर वाचन घेतले. सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह खपवून घेता येतो. इथे तो त्याच्या दसपट होता. म्हणजे ६० अँपिअर-अवरची बॅटरी पाचेक दिवसांत पूर्ण रिकामी, आणि ट्रक सुरू होण्याइतकी शक्ती तर त्याआधीच संपलेली. एकेक फ्यूज काढत गेलो तरी आकडा हलेना, तेव्हाच हा प्रवाह फ्यूजपेटीतून जातच नाही हे स्पष्ट झाले. ध्वनियंत्रणेला जोडलेली एक वायर फ्यूज न घालता थेट बॅटरीच्या टोकावर गुंडाळलेली निघाली. विनाफ्यूज वायर चेसिसच्या कडेला घासत गेली असती तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

फ्यूजचा विषय निघालाच आहे तर तोही इथेच संपवतो. पात्यांचे फ्यूज रंगांवरून ओळखता येतात: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. वापरलेला ट्रक घेतल्यावर पहिल्याच दिवशी फ्यूजपेटीच्या झाकणावरचा तक्ता आणि आतले रंग जुळवून पाहावेत. तक्त्यात लाल असलेल्या जागी हिरवा दिसला की तिथे कोणता तरी फ्यूज वारंवार उडत होता आणि कुणीतरी तक्रार करणाऱ्याचेच तोंड बंद केले, असा त्याचा सरळ अर्थ आहे. फ्यूज उपकरणाचे नव्हे, वायरचे रक्षण करतो. १० अँपिअरसाठी घातलेल्या बारीक वायरला ३० अँपिअरचा फ्यूज दिला तर अडचणीच्या वेळी फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. फ्यूजचा मिश्र संच ही या यादीतली सर्वांत साधी खरेदी आहे, पण वजनाला अतिशय हलके, पात्यांचा धातू कागदासारखा पातळ असलेले फ्यूज टाळावेत. ते ठरलेल्या प्रवाहाला उडतीलच याचा भरवसा नसतो.

दुसरा क्रमांक रॅचेटचा क्रिम्पर (वायरवर धातूचा जोड दाबून बसवणारे साधन) आणि आतून गोंद असलेल्या आकसणाऱ्या नळीचे जोड यांना एकत्रितपणे देतो, कारण एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. साध्या पक्कडीसारख्या क्रिम्परमध्ये किती दाबायचे हे हातावर अवलंबून असते. रॅचेटचा क्रिम्पर पूर्ण दाब बसल्याशिवाय जबडा उघडतच नाही, आणि हाच त्याचा गुण. जोडांचे रंग जगभर जवळपास एकच अर्थ सांगतात: लाल साधारण ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरसाठी, निळा १.५ ते २.५ साठी, पिवळा ४ ते ६ साठी. निळ्या जोडात बारीक वायर दुमडून घालण्याची युक्ती आधीच्या मालकाला फार आवडत होती; ओढल्याबरोबर ती सुटून हातात येत होती. जोड दाबल्यावर दोन्ही बाजूंनी जोरात ओढून पाहणे हा तपासणीचा भाग आहे, अविश्वास नव्हे. मग उष्ण हवेने नळी आकसली आणि दोन्ही टोकांतून गोंदाची कड बाहेर आली की पाणी आत शिरायला वाट राहत नाही.

या संचाच्या उणिवाही सांगायला हव्यात. जबड्याचा आकार जोडाला साजेसा नसेल, म्हणजे उघड्या टोकांसाठीचा जबडा नळीच्या जोडावर वापरला, तर नळी फाटते आणि पाण्यापासून संरक्षणाचा सगळा हेतूच संपतो. म्हणून जबडे बदलता येणारा क्रिम्पर घ्यावा. पिवळे जोड दाबायला मनगटाचा चांगलाच जोर लागतो आणि डॅशबोर्डखाली उलटे पडून ते करणे जवळपास अशक्य होते. एकाच जागी अनेक जोड आले तर जुडी इतकी जाड होते की मूळ आवरणात बसत नाही. त्यासाठी सांधे पुढेमागे घ्यावे लागतात. मुख्य म्हणजे, जुन्या वायरची तांब्याची तार काळी पडली असेल तर कोणताही जोड तिला वाचवू शकत नाही. चकचकीत तांबे दिसेपर्यंत वायर मागे कापत जावे आणि मधली उणीव त्याच जाडीच्या, बहुतारी वाहन-वायरने भरून काढावी. घरगुती वायरिंगची एकसंध तार ट्रकच्या थरथरीत काही काळाने आतल्या आत तुटते, आणि वरचे आवरण अखंड असल्यामुळे तुटलेली दिसतही नाही.

याच कामासाठी मिळणाऱ्या दोन वस्तूंना मात्र मी नापास करतो. पहिली म्हणजे चालू वायर न कापता तिच्यावर चिमटा बसवून फाटा काढणारे टॅप-जोड. त्यांचे धातूचे पाते आवरण चिरून तारांपर्यंत पोहोचते, काही तारा तोडते आणि त्या चिरेतून ओलावा आत शिरायला कायमची वाट करून देते. ट्रकच्या खालच्या बाजूला बसवलेल्या अशा प्रत्येक चिमट्याखाली हिरवी भुकटी सापडली. दुसरी वस्तू म्हणजे आत डाखाची कडी असलेल्या पारदर्शक नळ्या. नव्या, स्वच्छ तारांवर त्या बऱ्या वाटतात. जुन्या, काळवंडलेल्या तारांवर डाख नीट धरत नाही आणि बाहेरून मात्र सांधा सुबक दिसतो. दिसायला सुबक आणि आतून पोकळ अशी दुरुस्ती या ट्रकवर आधीच भरपूर होती. साध्या डाखालाही माझा विरोध नाही, परंतु डाख तारांमध्ये वर चढतो आणि जिथे संपतो तिथे ताठ आणि लवचिक भागांच्या सीमेवर वायर थरथरीने तुटते; आधार दिला नाही तर तो सांधा टिकत नाही.

चिकटपट्टीविषयी एकच वाक्य: उष्णतेने तिचा गोंद पातळ होऊन वायरवर पसरतो आणि पट्टी सुटते, म्हणून जुडी बांधायला कापडी हार्नेस-टेप वापरावी आणि सांधा झाकायला कोणतीच टेप वापरू नये.

ब्रेकच्या बाबतीत परीक्षणाचा सूर थोडा कडक होणे अपरिहार्य आहे. या ट्रकच्या मागच्या एका चाकाचा सिलिंडर गळत होता, म्हणून त्याच्याकडे जाणारा ब्रेक-पाइप दुमडून, चेपून बंद केलेला होता. ब्रेक दाबल्यावर ट्रक एका बाजूला ओढतो याचे कारण शोधायला स्टिअरिंगचे सांधे आणि टायरचा दाब तपासून झाल्यावरच खाली नजर गेली. दुसऱ्या बाजूला गंजलेल्या पाइपचा तुकडा कापून मध्ये नळकामाच्या जोडासारखा दाबजोड बसवलेला होता. जोरात ब्रेक दाबल्यावर या पाइपमधला दाब ७० बारच्या वर सहज जातो, आणि दाबजोडात पाइप केवळ एका कड्याच्या पकडीने धरलेला असतो. असा जोड ब्रेकमध्ये कुठेही असू नये. पाइप संपूर्ण बदलायचा आणि दोन्ही टोके फ्लेअर करायची, म्हणजे बैठकीत घट्ट बसतील अशी फुलवायची, हाच मार्ग आहे.

त्यासाठी दोन वस्तू वापरल्या आणि दोन्हींची शिफारस करतो. पहिली, तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप. त्यात सुमारे १० टक्के निकेल असते. तो गंजत नाही, हाताने सहज वाकतो आणि पोलादी पाइपपेक्षा फ्लेअर करायला पुष्कळ सोपा जातो. तो दिसायला शुद्ध तांब्याच्या पाइपसारखा असतो, आणि शुद्ध तांबे थरथरीने कडक होऊन तडकते, म्हणून विक्रेत्याकडून मिश्रधातूची खात्री करून घ्यावी. हलक्या वाहनांत बहुधा ४.७५ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा पाइप असतो. दुसरी वस्तू, फिरत्या डोक्याचे फ्लेअरिंग यंत्र. पट्टीत पाइप आवळून वरून स्क्रूने दाबणाऱ्या जुन्या पद्धतीच्या साधनात पाइप निसटतो, फ्लेअर तिरके होते आणि पकडीचे ओरखडे पाइपवर राहतात. फिरत्या डोक्याचे यंत्र वाइसमध्ये धरावे लागते, म्हणजे ट्रकखाली पाइप जागेवर असताना ते वापरता येत नाही, ही त्याची मोठी मर्यादा. पण टेबलावर त्याने केलेले प्रत्येक फ्लेअर आधीच्याइतकेच चांगले येते. पाइप कापल्यावर आतली कड साफ करणे आणि बाहेरची कड थोडी उतरती करणे टाळले तर फ्लेअरला चीर जाते. आणि फ्लेअर करण्याआधी पाइपवर नट ओवून घ्यावा. हे लिहिण्याची गरज नाही असे ज्याला वाटते त्याने फ्लेअरिंग केलेले नसावे.

फ्लेअरचे दोन प्रकार प्रचलित आहेत, दुहेरी उलटे आणि बुडबुड्याच्या आकाराचे, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जिथून जुना पाइप काढला तिथल्या बैठकीचा आकार पाहूनच ठरवावे. ब्रेक ऑइलची बाटली निवडताना डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलवर आधारित असून डॉट ५ सिलिकॉनचे आहे हे लक्षात ठेवावे, कारण आकड्यांच्या क्रमावरून ५ आणि ५.१ सख्खे भाऊ वाटतात आणि तसे ते नाहीत. जुने द्रव पूर्ण काढून टाकल्याचा फायदा उत्कलनबिंदूंवरून कळतो: डॉट ४ साठी किमान आवश्यकता कोरड्या अवस्थेत २३० अंश सेल्सिअस आहे आणि ओलावा शोषल्यावर ती १५५ वर येते. टाकीतले द्रव काळपट आणि रबरी झाकण फुगलेले दिसले तर कुणीतरी खनिज तेल ओतल्याची शंका घ्यावी. तसे असेल तर सगळी रबरी सील आणि नळ्या बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

आटे दुरुस्त करणाऱ्या संचाला, ज्याला कारागीर हेलिकॉइल म्हणूनच ओळखतात, मी मनापासून गुण देतो. ॲल्युमिनियमच्या भागात गेलेले आटे मोठ्या टॅपने (आटे पाडणाऱ्या हत्याराने) कापून त्यात स्टेनलेस पोलादाच्या तारेची गुंडाळी बसवायची आणि मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा वापरायचा, ही कल्पना माझ्या निकषाला तंतोतंत उतरते: पुढच्या माणसाला तिथे काही झाले होते हे कळायचेही कारण नाही. ॲल्युमिनियममध्ये तर हे नवे आटे मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतात. आधीच्या मालकाचा मार्ग निराळा होता. ५/१६ इंची बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, पण इंची बोल्टाच्या आट्यांतील अंतर सुमारे १.४१ मिलिमीटर असते आणि मेट्रिकचे १.२५, त्यामुळे तो पहिले काही फेरे आत जातो, अडकतो, आणि लांब दांड्याच्या पान्याने पुढे रेटला की आटे घेऊनच बाहेर येतो. संचातला टॅप सरळ धरायला मार्गदर्शक नळी बहुतेक वेळा नसते, ती वेगळी मिळवावी. गुंडाळी पृष्ठभागापासून अर्धा फेरा खाली बसवावी, आणि तिच्या तळाची जीभ तोडल्यावर ती बाहेर काढल्याची खात्री करावी. स्पार्क प्लगच्या भोकात ही जीभ राहिली तर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

गोल झालेल्या डोक्यांचे बोल्ट काढण्यासाठी आतून पीळदार दाते असलेले सॉकेट उत्कृष्ट ठरले. मोडलेला बोल्ट काढण्याचे शंकूच्या आकाराचे, डाव्या पिळाचे एक्स्ट्रॅक्टर मात्र बेताने वापरावेत. ते अतिशय कठीण पोलादाचे असतात. बोल्टच्या आत मोडले की साध्या ड्रिलने छेदता येत नाहीत आणि कालपर्यंत सोपे असलेले काम यंत्रशाळेत न्यावे लागते. डाव्या फिरकीचे ड्रिल आधी वापरून पाहावे, कारण भोक पाडता पाडताच बोल्ट सुटून येण्याची शक्यता असते. गंजलेले नट सोडवण्यासाठी फवाऱ्यांच्या डब्यांमध्ये फारसा फरक जाणवला नाही. रात्रभर मुरू देणे आणि सकाळी पुन्हा फवारणे याचा परिणाम डब्यावरच्या नावापेक्षा मोठा आहे. खरा फरक उष्णतेने पडतो, आणि त्यासाठी हातात धरायचा इंडक्शन हीटर ही मला या यादीतली सर्वांत सुखद खरेदी वाटली. त्याचे वेटोळे नटाभोवती धरले की काही सेकंदांत नट लाल होतो आणि शेजारच्या रबरी बुशला ज्योतीची झळ लागत नाही. तरीही इंधनाच्या पाइपजवळ तो वापरू नये, कारण ज्योत नसली तरी लालबुंद नट पेट्रोलची वाफ पेटवू शकतो. वेटोळ्यांचे आवरण लवकर जळते, ती जास्तीची घेऊन ठेवावीत.

आता झाकणाऱ्या साहित्याकडे वळतो. सिलिकॉन सीलंट वाईट वस्तू नाही. निर्मात्याने सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या जाडीची रेघ ओढली तर ते गॅस्केटचे काम चोख करते. पण जितके जास्त तितके चांगले या समजुतीने फासले की बाहेर आलेली कड जशी दिसते तशीच आतही निघालेली असते, आणि तिचे तुकडे सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. या ट्रकचा ऑइल-पॅन खोलल्यावर जाळीचा मोठा भाग निळ्या चिंध्यांनी झाकलेला होता. सिलिकॉन घेताना वासाकडेही लक्ष द्यावे: व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे प्रकार सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतात आणि तांब्याच्या वायरी व सेन्सरची टोके खातात. विजेच्या जोडणीच्या आसपास त्यांना अजिबात थारा देऊ नये.

रेडिएटरची गळती थांबवणाऱ्या भुकट्या आणि द्रवांना शून्य. ते गळणारे छिद्र बुजवतात हे खरे, पण छिद्र आणि हीटरची अरुंद नळी यांतला फरक त्यांना कळत नाही. केबिनचा हीटर गरम का होत नाही याचे उत्तर तपकिरी चिखलाच्या रूपाने बाहेर आले, आणि तो पाण्याने दोन्ही दिशांनी धुवूनही पूर्ण निघाला नाही. हीटर बदलावा लागला.

पत्र्यावर भरायच्या पॉलिस्टर लांबीबद्दल (पुटीबद्दल) थोडक्यात सांगता येईल. काही मिलिमीटरच्या थरापर्यंत, स्वच्छ धातूवर ती ठीक आहे; गंजाच्या भोकावर जाळी ठेवून तिचा डोंगर रचला तर ती ओलावा शोषून मागचा पत्रा आतून खाते. छोटे चुंबक कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवरून फिरवले की ते कुठे चिकटत नाही यावरून खरा पत्रा किती उरला आहे ते कळते. ट्रक विकत घेण्याआधीच हे चुंबक खिशात असावे. गंज-रूपांतरकाचे टॅनिक आम्ल गंजाला काळ्या, स्थिर थरात बदलते, तेवढे काम ते प्रामाणिकपणे करते. मात्र सुटणारा गंज आधी घासून काढला नाही तर तो थर पापुद्र्यासह गळून पडतो.

राहिले बोल्ट आणि चेसिस. कमानपाट्यांच्या टोकांना या ट्रकवर डोक्यावर कोणतीच खूण नसलेले बोल्ट लावलेले होते. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे लिहिलेले असते: पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की मेगापास्कलमध्ये तन्यशक्ती मिळते, आणि दुसरा आकडा सांगतो की तिच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जातो. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० मेगापास्कलचा असून ६४० वर कायमचा ताणू लागतो. मूळ बोल्ट १०.९ चा असेल तर तिथे ८.८ लावणे हीसुद्धा तडजोडच आहे, आणि बिनखुणेचा लावणे हा निव्वळ जुगार. सेवापुस्तिकेत लिहिलेला दर्जा आणि टॉर्क-पाना, या दोहोंना पर्याय देणारी वस्तू अजून तरी पाहण्यात नाही.

चेसिसच्या बीमवर वरून पत्र्याचा चौकोनी तुकडा डकवून चहूबाजूंनी वेल्डिंग केलेले आढळले, तर वर सांगितलेली सगळी साधने बाजूला ठेवावीत. बीमच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांवर आडव्या जाणाऱ्या वेल्डमुळे ताणाची रेषा नेमकी तिथेच एकवटते आणि नवी तडा वेल्डच्या कडेला लागून सुरू होते; त्याच पट्ट्यांना भोक पाडण्याचेही परिणाम तसेच. हा तुकडा काढून, खालचा गंज कापून, निर्मात्याने दिलेल्या पद्धतीप्रमाणे बीम सांधण्याचे काम चेसिसचा अनुभव असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यावे आणि त्याआधी बॅटरीची दोन्ही टोके सोडवून ठेवावीत. वेल्डरने रंग मारण्यापूर्वी सांधा पाहू द्यावा, अशी अट काम देतानाच घालावी. जो ती मान्य करत नाही त्याला ट्रक देऊ नये.